वाकळीचा चौथा कोपरा

माझी बायको जाऊन तीन वर्षं झाली. घरातल्या देवळीत देवांच्या बाजूला एका बाईचा फोटो आहे. नवीन माणूस घरी आला की त्याला वाटतं, हिचाच असेल. जवळ जाऊन पाहतो आणि मग खाली बसतो. फोटोतली बाई काळीभोर आहे. डोक्याला फडकं गुंडाळलेलं, मांडीवर फासळ्या निघालेलं लेकरू. ती आमची कोणी नाही. आफ्रिकेतली आहे. तिचं नाव मला माहीत नाही, आणि ज्यानं हा फोटो आमच्या घरात आणला त्यालाही माहीत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो. मला गोष्टी दाबून ठेवायची सवय नाही. जे आहे ते तोंडावर बोलतो, म्हणून अर्ध्या नाचणगावाशी माझं भांडण झालेलं आहे. आयुष्यात एकच गोष्ट लपवली, आणि लपवली ती तिच्यापासून.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं पुलगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये प्रेसवर लागलो आणि म्हातारा होईस्तोवर तिथंच राहिलो. रुई दाबायची, गठाण बांधायची, वरून बारदान शिवायचं आणि बारदानावर ब्रशानं मार्का रंगवायचा. माझं अक्षर शाळेत कधी चांगलं नव्हतं, पण बारदानावर चांगलं यायचं. फोरमन म्हणायचा, ह्याला कागद देऊ नका, पोतं द्या.

नव्वदच्या पुढची दोन-तीन वर्षं गेली होती तेव्हाची ही गोष्ट. आमच्या आळीत टीव्ही एकाच घरी, गुरुजींच्या. गुरुजी शाळेत हेडमास्तर होते, माझ्या पोरीला त्यांनीच शिकवलं. पण मला तो लहानपणापासूनचा. आम्ही एकाच बोरीवर चढून बोरं चोरली आहेत. चारचौघांत मी त्याला गुरुजी म्हणायचो आणि एकट्यात तू. माझ्या बायकोला तो वहिनी म्हणायचा, आणि आठवड्यातून दोनदा तरी तिच्या हातचा चहा पिऊन जायचा.

एका संध्याकाळी टीव्हीवर सोमालिया दाखवला. दुष्काळ पडलेला. लेकरांची डोकी मोठी, पोटं फुगलेली, पाय काडीसारखे. माश्या डोळ्यांवर बसलेल्या आणि त्या हाकलायची ताकद हातात नाही. आमच्या शेजारीण बाईनं तोंडाला पदर लावला.

"बंद करा वो गुरुजी तो टीव्ही. घरी जाऊन घास जाईन का गळ्याखाली?"

माझी बायको म्हणाली, "काऊन बंद करा? त्याइले घास नाई अन् तुले पाहाले जड जाते?"

मग तिनं गुरुजींना विचारलं, "तथी पाऊस नाई पडला का?"

"पाऊसही नाई वहिनी, अन् लढाईही सुरू हाय. बाहेरून धान्य पाठवलं तर बंदूकवाले मधातच लुटून नेते. गरिबाच्या हाती काई पडत नाई."

ती उठली. घरी आली, भाकरी थापल्या, मला वाढलं. स्वतः जेवायला बसली तेव्हा म्हणाली, "आपल्याले लाल ज्वारी आलती तेव्हा. आठवते?"

आठवत होती. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघं सरकारी कामावर गिट्टी फोडायला जात होतो. पोरगी वर्षाची होती. तिला झाडाखाली झोळीत टाकून ही हातोडा चालवायची. दुपारी सुकडी मिळायची आणि रेशनला अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो. तिची भाकर थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची, पण त्याच भाकरीवर पोरगी जगली. हिच्या छातीत दूध नव्हतं. सुकडी शिजवणाऱ्या बाईनं हिला पिठाची एक रिकामी कापडी थैली दिली होती, पांढरी, वर निळी परदेशी अक्षरं. हिनं त्या थैलीचं पोरीला झबलं शिवलं. अक्षरं बरोबर पाठीवर आली. मी म्हणायचो, बघ, आपल्या पोट्टीवर मार्का मारला, आता ही जहाजात चढते. ते झबलं धुऊन धुऊन पातळ झालं, पण अक्षरं गेली नाहीत. पोरगी मोठी झाली, लग्न होऊन गेली, तरी हिनं ते पेटीत जपून ठेवलं होतं.

"ज्यानं ते पीठ पाठवलं त्याले आपण पाहिलं का?" ती म्हणाली. "त्यानं आपल्याले पाहिलं का? तरी पाठवलंच ना. आता आपली पाळी हाय."

मी म्हटलं, "आपण काय पाठवतो? आपल्याजवळ हाय काय?"

"हात हायेत."

दुसऱ्या दिवशी ती गुरुजींकडे गेली. गुरुजींनी पत्ता काढला. नागपूरला कोणती तरी संस्था होती, ती जुने कपडे गोळा करून मुंबईला पाठवायची, तिथून जहाज. गुरुजी आळीतल्या बायांना म्हणाले, घरात असतील ते जुने कपडे काढा. माझी बायको तिथल्या तिथं बोलली, "जुने कपडे नाई. फाटकं कोणाच्या दारात फेकते का कोणी? जुन्या लुगड्याइच्या वाकया शिवू. नव्या टाक्याच्या."

वाकळ म्हणजे गोधडीच. आमच्या तोंडी वाकय. मी हसलो. म्हटलं, "अवं, तथी ऊन आपल्या वर्ध्यापेक्षा जास्त. वाकय घेऊन का कराव त्याइनं?"

"ऊन असलं म्हणून लेकरू मातीवर निजवाचं? खाली टाकाले तरी होईन ना. तुमी उन्हायात कशावर निजता?"

वाकळीवर. 

दोन महिने आमच्या अंगणात दुपारी बाया बसत होत्या. घरचं काम आटोपून, सुई-दोरा आणि लुगडी घेऊन यायच्या. एकमेकींच्या सासवांची निंदा, एकमेकींच्या टाक्यांची चेष्टा. "हा टाका हाय का बैलाचं पाऊल वो?" "तुयाच नवऱ्याच्या बैलाचं, वयख ना!" चाळीसच्या आसपास वाकळा झाल्या. आमच्या बायकोनं आपल्या वाकळीच्या मधोमध ते झबलं उलगडून लावलं, निळी अक्षरं वर दिसतील असं. मी म्हटलं, पोरीची आठवण आहे, ती तरी ठेव. ती म्हणाली, "तथलंच हाय. वापस जाऊ दे." तिला अमेरिका वेगळी आणि आफ्रिका वेगळी हे कळत नव्हतं. मलाही तेव्हा नीट कळत नव्हतं. समुद्राच्या पलीकडे म्हणजे एकच गाव, असं आमचं.

आता मुख्य सांगतो. आमच्याकडे वाकळ शिवताना तीन कोपरे पुरे शिवतात आणि चौथा शेवटी बंद करतात. बंद करायच्या आधी त्यात भाकरीचा एक तुकडा घालतात. वाकळ उपाशी राहू नये म्हणून. वाकळ उपाशी असली तर तिच्यावर निजणाराही उपाशी निजतो, असं बाया मानतात. माझ्या सासूनं आष्टीत, हिच्या माहेरी, तसंच केलं, तिच्या आईनंही केलं असेल. घरातल्या घरात कोणी काही म्हणत नाही. भाकर सुकते, वाकळ वापरात राहते, उन्हात पडते, धुतली जाते. कधी मुंग्या लागतात, झटकून टाकतो.

शेवटच्या दिवशी हिनं ज्वारीच्या भाकरी करून सुकवल्या आणि प्रत्येक बाईला तुकडा दिला. गुरुजी तिथंच खाटेवर बसले होते. मी विचारलं, "गुरुजी, चालते ना हे? लांबचा प्रवास हाय."

गुरुजी हसले. म्हणाले, "टाका वहिनी, बिनधास्त टाका. तथलं लेकरू कोपरा उसवून भाकर खाईन."

सगळ्या बाया हसल्या. माझी बायको सगळ्यांत जास्त हसली. हे वाक्य लक्षात ठेवा. ते परत येणार आहे.

फोरमनला विनवण्या करून एका रविवारी मी वाकळा प्रेसवर नेल्या. दोन गठाणी झाल्या. पट्ट्या आवळल्या, बारदान शिवलं. गुरुजींनी कागदावर देशाचं नाव इंग्रजीत लिहून दिलं, ते पाहून मी मोठ्या अक्षरात रंगवलं. इतक्या वर्षांत हजारो गठाणींवर मार्के मारले, पण त्या दोन गठाणींसाठी मी रंगाचा नवा डबा फोडला. बायको पाहायला आली होती. अक्षरांना हात लावू लागली तर मी ओरडलो, "ओला हाय!" तिच्या बोटाला काळा रंग लागला. तिनं तो पुसला नाही.

गठाणी गेल्या. महिना-दीड महिन्यानं गुरुजी दारातूनच ओरडत आले, "वहिनी, चढल्या जहाजात!" हिनं आळीत गूळ वाटला. आणि दिवाळीच्या सुमाराला ते हा फोटो घेऊन आले. रंगीत, चकचकीत, पुठ्ठ्यावर चिकटवलेला. म्हणाले, "ही बाई. तुमची वाकय हिलेच भेटली."

मी फोटो हातात घेतला. "वाकय कोठी हाय याच्यात?"

"अरे, खाली अंथरलेली हाय. फोटोत वरचंच येते ना."

बायकोनं माझ्या हातातून फोटो ओढून घेतला. "द्या इकडे. तुमाले तर देव दिसला तरी तुमी पाय कोठी हायेत म्हणून इचारसान."

त्या दिवसापासून तो फोटो देवळीत. देवांना हळद-कुंकू लावायची, आणि फोटो पदरानं पुसायची. बोलायची त्या बाईशी. "काय वो बाई, निजलं का लेकरू?" मी चूल फुंकत असलो, दाढी करत असलो, तरी मागून हे ऐकू यायचं. कधी ज्वारी निसताना म्हणायची, "यंदा आमच्याकडे पाऊस बरा हाय, तुमच्याकडे?" मी चिडवायचो, की ही माझ्याशी इतकं बोलत नाही. ती म्हणायची, "ती उलटून बोलत नाई."

पाच-सहा वर्षं अशी गेली. मग तिचा भाऊ आजारी पडला म्हणून ती आष्टीला माहेरी जाऊन राहिली. पंधरा दिवसांनी मी तिला आणायला निघालो. आर्वीची बस धरली, पुढं तळेगावला उतरलो. आष्टीची बस तासाभरानं होती. दुपारचं ऊन डोकं फोडत होतं, म्हणून रस्ता ओलांडून एका ढाब्यावर पाणी प्यायला गेलो.

पाणी पिता पिता समोर पाहिलं. भांडी घासायच्या जागेला आडोसा म्हणून बारदान टांगलं होतं. त्यावर काळी अक्षरं होती. उलटी टांगलेली, धुरानं माखलेली, पण माणूस आपला हात ओळखतो. एका अक्षराचं पोट मी नेहमी थोडं जास्त फुगवतो. ते फुगलेलं होतं.

मला आधी वाटलं, रिकामं बारदान कुठून तरी फिरत आलं असेल. जहाजातून उतरवल्यावर फेकलं असेल. मन असंच करतं, आधी सोपी वाट शोधतं. मग मी खाटांकडे पाहिलं. ट्रकवाल्यांना झोपण्यासाठी सात-आठ खाटा होत्या आणि प्रत्येक खाटेवर वाकळ. शेजारीण बाईचं हिरवं लुगडं मला ओळखू आलं, तिच्या पोराच्या बारशाचं. कोपऱ्यातल्या खाटेवर एक ड्रायव्हर झोपला होता. त्याच्या चिखलानं भरलेल्या टाचांखाली निळी अक्षरं होती.

मी वाकळ ओढली. तो उठून बसला. "क्या हुआ चाचा? मेरी खाट है."

"वाकय मायी हाय."

ढाबेवाला गल्ल्यावरून उठून आला. तोंडात तंबाखूचा खर्रा. मी विचारलं, "ह्या कोठून आणल्या?"

"काऊन काका? चोरीच्या नाई. नाचणगावच्या गुरुजीइनं देल्या. माये भावजी लागते ते. दोन गठाणी होत्या. मुंबईवरून वापस आल्या म्हणे, घरी ठेवाले जागा नाई. म्हटलं आणून टाका, ड्रायव्हर लोकाइच्या कामी येईन." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाला, "तुमची असन तर घेऊन जा एखादी. तशाही उंदरानं कुरतडल्या हायेत."

मी कोपरे पाहिले. तीन कोपरे शाबूत, चौथा खाल्लेला. दुसऱ्या खाटेवरची पाहिली, तिसरीवरची पाहिली. सगळ्यांचा चौथाच. उंदरांनी बरोबर शोधून काढला होता.

आता मी काय केलं ते लिहितो. मी वाकळ घडी घालून काखेत मारली आणि बसस्टँडकडे चार पावलं चाललो. मग उभा राहिलो. पुढं आष्टी होती, आष्टीत ती होती, आणि काखेत ही घेऊन मी तिच्यासमोर काय बोलणार होतो? परत फिरलो. ती वाकळ मी माझ्या हातानं त्याच खाटेवर अंथरली. ड्रायव्हर पुन्हा तिच्यावर आडवा झाला.

आष्टीत तिनं विचारलं, "काऊन इतका उशीर?"

म्हटलं, "बस नाई भेटली."

घरी आल्यावर, ती विहिरीवर गेली तेव्हा मी देवळीतला फोटो काढला आणि नखानं पुठ्ठ्यापासून थोडा सोडवला. कागद मासिकाचा होता. मागच्या बाजूला अर्धं मनगटी घड्याळ छापलेलं होतं, जाहिरातीचं. खळ लावून परत चिकटवला आणि गुरुजींच्या घरी गेलो.

तो ओसरीवर पेपर वाचत होता. मी एकच शब्द बोललो, "तळेगाव."

त्यानं पेपर खाली ठेवला. चष्मा पुसला. मग आत जाऊन एक पत्र घेऊन आला. संस्थेचं. त्यात लिहिलं होतं, गठाणी उघडल्या तेव्हा आतून किडे निघाले, उंदीर लागले, शिवलेल्या मालात अन्नाचे तुकडे सापडले, असा माल जहाजात घेत नाहीत, तरी आपला माल परत न्यावा.

"वहिनीच्या भाकरीनं सगळा माल वापस आला," तो म्हणाला. "हे मी कोणत्या तोंडानं सांगतो तिले? चाळीस बायाइच्या समोर?"

"तूच म्हटलं होतं, टाका म्हणून."

"म्हटलं होतं. मले काय माहीत?"

"अन् जहाजात चढल्या म्हटलं ते? अन् हा फोटो?"

"अरे लेका, रोज इचारत होत्या त्या. पोचल्या का, पोचल्या का. एक दिवस तोंडातून निघून गेलं. मग मागं कसं फिरावं?" मग त्यानं माझ्याकडे सरळ पाहिलं. "आता तुले माहीत हाय. सांग तू. पण सांगशील तर पुरं सांगजो. भाकरीचंही सांगजो."

तिथं त्यानं मला बांधून टाकलं. पट्टी आवळावी तसं. मी घरी आलो, ती अंगणात पाणी शिंपडत होती, म्हणाली, "कोठी गेलते?" मी म्हटलं, "गुरुजीकडे." "मंग आणाचं होतं न त्याइले चहाले." मी काही सांगितलं नाही. आज नाही उद्या सांगू. उद्या नाही पोळ्यानंतर सांगू. अशी वर्षं गेली. गुरुजी चहाला येत राहिला. आम्ही दोघं तिच्यासमोर बसून चहा प्यायचो आणि एकमेकांकडे पाहायचो नाही. चोराला साथीदार मिळाला की चोर सुखी होतो. तो सुखी झाला. मी झालो नाही, पण गप्प राहायला सुखी असावं लागत नाही.

पुढं ती आजारी पडली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता जे खावंसं वाटेल ते द्या. तिला खायचं काही नव्हतं. तिला एकच पाहिजे होतं. खाटेवरून देवळीकडे पाहत म्हणाली, "तिचं लेकरू आता मोठं झालं असन. गुरुजीले म्हणा, चिठ्ठी लिहा. जगलं का इचारा."

मी गुरुजीकडे जाऊन म्हटलं, "आता पुरे. आता ये अन् खरं सांग. मीबी बसतो बाजूले."

तो म्हणाला, "मरत्या माणसाले?"

आठ दिवसांनी तो आला. खिशातून कागद काढला. म्हणाला, "वहिनी, उत्तर आलं." आणि वाचायला लागला. लेकरू मोठं झालं. शाळेत जाते. त्याइच्याकडे पाऊस पडला. वाकय अजून हाय. मग थोडा थांबला आणि म्हणाला, "अन् लिहिलं हाय, का वाकय आली त्या दिवशी घरात दाणा नव्हता. लेकरानं चौथा कोपरा उसवला अन् भाकर काढून खाल्ली."

मी खाटेच्या पायथ्याशी बसलो होतो. तिथून मला कागदाची मागची बाजू दिसत होती. शाळेची जुनी प्रश्नपत्रिका होती. गणिताची.

ती हसली. किती महिन्यांनी हसली होती. माझ्याकडे मान वळवून म्हणाली, "पाहा. अन् तुमी म्हणत होते, लांबचा प्रवास हाय, चालते का."

मी मान डोलावली. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कोणाची भीड ठेवली नाही, त्यानं बायकोच्या शेवटच्या दिवसांत खोट्याला मान डोलावली. पाच दिवसांनी ती गेली.

तेरवीला आळी जेवायला बसली. वाकळा शिवणाऱ्या बाया एका ओळीत होत्या. गुरुजी पुरुषांच्या पंगतीत पहिल्या जागेवर. शेजारीण बाई डोळे पुसत सांगत होती, "पुण्यवान होती बाई. तिच्या हातची भाकर समुद्रापार गेली. एका लेकराच्या पोटात गेली. आणखीन का पाहिजे माणसाले?"

माझ्या हातात वरणाची बादली होती. मी ती खाली ठेवली.

"नाई गेली," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. गठाणी, पत्र, तळेगाव, ट्रकवाले, प्रश्नपत्रिका. गुरुजी मान खाली घालून बसला होता, त्याचा हात भातात तसाच. कोणी जेवत नव्हतं. मला वाटलं होतं आता बाया त्याच्यावर तुटून पडतील. शेजारीण बाईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

"तुमाले कधीचं माहीत हाय, भाऊ?"

"सात-आठ वर्षं झाली."

"सात-आठ वर्षं." ती उठून उभी राहिली. "अवो, वापस आल्या तर सांगाचं होतं. आमी एका दुपारी कोपरे उसवले असते. भाकर काढली असती, उंदरानं खाल्लं तथी ठिगय लावलं असतं, धुऊन वायवून पुन्हा देल्या असत्या. एका दुपारचं काम होतं. तिनंच पयली सुई धरली असती. तुमाले का वाटलं, ती रडत बसली असती?"

मला तेच वाटलं होतं. गुरुजीला तेच वाटलं होतं. दोन पुरुष तिच्या दुःखाची काळजी करत बसले, आणि दोघांपैकी एकालाही सुचलं नाही की तिला नुसतं उसवायला सांगायचं होतं. तीस-चाळीस वर्षं मी तिच्यासोबत राहिलो. गिट्टी फोडताना पाहिलं तिला.

बाया एकेक करून उठल्या. पत्रावळीवरचं तसंच टाकून गेल्या. अंगणात गुरुजी आणि मी राहिलो. तो म्हणाला, "झालं समाधान तुयं?" मी म्हटलं, "ऊठ माया घरातून." तो उठला. त्यानंतर आमचं बोलणं नाही.

महिन्याभरानं मी तळेगावला गेलो. वाकळ आणावी म्हणून. रस्ता रुंद करताना तो ढाबा पाडला होता. तिथं मुरमाचा ढीग होता. पानठेल्यावर विचारलं, तर तो म्हणाला, सामान कुठं गेलं कोणाला माहीत, चिंध्या होत्या त्या जाळल्या असतील.

घरी आलो तर शेजारीण बाई दारात उभी होती. तेरवीनंतर पहिल्यांदा. आत आली नाही. विचारलं, "त्या देशाचा पत्ता हाय का कोणाजवळ? आमी चार-पाच जणी हाव. अजून डोये हायेत."

माझ्याजवळ पत्ता नव्हता. मी फक्त नाव रंगवलं होतं. तिनं गुरुजीकडे आधीच विचारलं होतं, तर ती नागपूरची संस्था कधीच बंद पडली म्हणे. ती निघून गेली.

फोटो मी काढला नाही. काढावा असं पुष्कळदा वाटलं, मागं अर्धं घड्याळ आहे हे माहीत असताना रोज पुढून पाहणं सोपं नाही. पण ती बाई खोटी नाही. कोणीतरी तिचा फोटो काढला तेव्हा ती तिथं बसलेलीच होती, लेकरू घेऊन. तिच्यासाठी नाचणगावात चाळीस वाकळा शिवल्या गेल्या आणि त्या आम्ही ट्रकवाल्यांच्या टाचांखाली घातल्या, हे तिला कोणी कळवलं नाही. माझी बायको तिला रोज विचारायची, निजलं का लेकरू. मी विचारत नाही. कशावर निजलं असेल ते मला माहीत आहे. सकाळी देवांना पाणी घातलं की दुपट्ट्याच्या टोकानं तो फोटो पुसतो आणि परत देवळीत ठेवतो.